पिंजऱ्यातील मुका रुग्ण

मुंबई-पुण्याच्या घरांत आता ससे, लव्हबर्ड आणि पाणकासवेही नांदू लागली आहेत. हौस वाढली, त्यांचे दुखणे जाणणारा वैद्य मात्र दुर्मिळच! सशाचे दात जन्मभर वाढतात. गवताऐवजी बिस्किटे चारली की ते वेडेवाकडे होतात. भक्ष्य ठरणारा हा जीव आपली व्यथा लपवितो; दिवसभर त्याने अन्न टाकले तर प्राणांवर बेतते. कुत्र्याच्या पिसवांवर चालणारे फिप्रोनिल सशाला विषासमान आहे. परळचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून उभे आहे; अशा जीवांच्या उपचारांचे शिक्षण राज्यात सर्वत्र मिळावे, ही मागणी अवाजवी नव्हे. परंतु पहिले कर्तव्य पाळणाऱ्याचेच. प्राणी आणण्यापूर्वी त्याने वैद्य शोधावा. ज्याच्या दुखण्याची सोय नाही, त्याला कोंडण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?