साखरखेर्ड्याचा धडा

सिंदखेडराजा म्हटले की राष्ट्रमाता जिजाऊंचे स्मरण होते. त्याच तालुक्यातील साखरखेर्ड्याचे स्मरण मात्र फारसे कोणास होत नाही. ऑक्टोबर १७२४ मध्ये येथेच निजाम-उल-मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला. खान रणात पडला आणि हैदराबादच्या स्वतंत्र सत्तेचा पाया घातला गेला. त्या वेळी मराठ्यांचे वजन निजामाच्या पारड्यात होते. पुढे तोच निजाम छत्रपती शाहूंच्या चौथाईच्या हक्काविरुद्ध उभा राहिला आणि १७२८ मध्ये पालखेडला पहिल्या बाजीरावांना त्यास कोंडीत पकडावे लागले.

तात्पर्य स्पष्ट आहे. परराष्ट्रसंबंधांत मैत्री ही कायमची ठेव नसते. स्वहिताच्या कसोटीवर ती पुनःपुन्हा घासून घ्यावी लागते. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त हाच विवेक आहे. व्यापाऱ्यांना राज्याचे भूषण मानणारा हा ग्रंथ टोपीकरांविषयी मात्र सावध करतो, कारण त्यांच्या वखारीमागे त्यांचे राजे उभे असतात. व्यापार करावा, पण मोक्याची जागा हातची सोडू नये, ही आपली मुत्सद्देगिरी होय.

आज हा प्रश्न ग्रंथापुरता उरलेला नाही. रशियन तेलाच्या खरेदीचे निमित्त करून अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये बहुतांश भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले. कोणाकडून तेल घ्यावे हे दुसऱ्या राजधानीत ठरू देणे स्वाभिमानी राष्ट्रास मान्य होणार नाही. परंतु अशा ताठ कण्याचे मोल कोणी मोजावयाचे, याचाही विचार हवा. त्याच महिन्यात केंद्राने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क माफ केले आणि नंतर ही सवलत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढविली. सूतगिरण्या व वस्त्रोद्योगास त्याची निकड होती, हे खरे. पण खामगाव, मलकापूरच्या बाजारात नवा कापूस येतो तो याच दिवसांत. स्वस्त परदेशी गाठींशी स्पर्धा करण्याची वेळ कोरडवाहू शेतकऱ्यावर येते.

म्हणून अशी सवलत देताना हमीभावाची खरेदी केंद्रे हंगामाच्या आरंभीच उघडली पाहिजेत आणि वाटाघाटींच्या मेजावर गिरणीइतकेच शिवारही मोजले गेले पाहिजे. बाहेरच्या दडपणापुढे न झुकण्याचे बळ घरातील समाधानातूनच येते. ज्या धोरणाचा भार सर्वांनी मिळून वाहिला, तेच धोरण टिकते.