प्रभारीची खुर्ची आणि फुटबॉलची गुणवत्ता

१ ऑगस्ट २०२५ रोजी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने खालिद जमील यांना भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक नेमले. या पदासाठी १७० अर्ज आले होते. छाननीनंतर तीन नावे उरली, त्यांपैकी दोन परदेशी आणि एक देशी. गोव्याचे साव्हियो मदेरा २०१२ साली पायउतार झाले, त्यानंतर तब्बल तेरा वर्षांनी एक भारतीय माणूस या खुर्चीवर बसला. अडीच महिने झाले नाहीत तोच, १४ ऑक्टोबरला गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर सिंगापूरने भारताला २-१ असे हरवले आणि २०२७ च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले. पुढे १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशकडूनही हार पत्करावी लागली. मग काय, ‘देशी प्रशिक्षकाचा प्रयोग फसला’ असे म्हणायला अनेकांची जीभ लगेच सैल झाली. जमील येण्यापूर्वी याच पात्रता फेरीत परदेशी प्रशिक्षकाच्या हाताखाली दोन सामन्यांत केवळ एक गुण मिळाला होता, हे मात्र कोणाच्या लक्षात राहिले नाही.

हिंगोलीच्या वाचकाने फुटबॉलच्या या भानगडीत का पडावे? आमच्या जिल्ह्यात रामलीला मैदानावर दसरा भरतो, वसमतला हळदीचा बाजार भरतो. व्यावसायिक फुटबॉल क्लब काही नाही. पण खुर्ची कोणाला कायमची मिळते आणि कोणाला ‘प्रभारी’ म्हणून मिळते, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. प्रभारी मुख्याध्यापक, प्रभारी अधिकारी, तासिका तत्त्वावरचा क्रीडा शिक्षक, तीन वर्षांचा शिक्षणसेवक ही सगळी माणसे आपल्या घरातली आहेत. जबाबदारी पूर्ण, अधिकार अर्धा आणि हमी शून्य, असा हा कारभार असतो. देशातल्या सर्वात श्रीमंत फुटबॉल लीगमध्ये हाच कारभार कसा चालतो, ते पाहिले की ‘गुणवत्ता’ नावाच्या शब्दाचे कातडे सोलून निघते.

इंडियन सुपर लीग २०१४ साली सुरू झाली. उद्योगपती, चित्रपट तारे, क्रिकेटपटू असे बडे बडे मालक क्लबांना लाभले. पहिली सात वर्षे एकाही क्लबाने हंगामाच्या आरंभापासून पूर्ण जबाबदारीचा मुख्य प्रशिक्षक म्हणून भारतीय माणूस नेमला नाही. भारतीय होते ते सहायक म्हणून. परदेशी साहेबाला मध्येच काढले की उरलेल्या सामन्यांपुरते त्यांना पुढे करायचे आणि हंगाम संपला की नवा साहेब आणायचा. आरक्षित जागांच्या मुलाखतींचा अनुभव असलेल्या आपल्या वाचकांना ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ हा शेरा पाठ आहे. इथे तो शेरा लिहिण्याचेही कष्ट कोणी घेतले नाहीत.

पण योग्य उमेदवार खरोखरच नव्हते काय? गोव्याच्या आर्मांदो कुलासो यांनी धेंपो क्लबला राष्ट्रीय विजेतेपद एकदा-दोनदा नव्हे, पाच वेळा मिळवून दिले. २००८ मध्ये त्यांचा संघ आशियाई फुटबॉल महासंघाच्या चषकात उपांत्य फेरीपर्यंत गेला. डेरिक परेरा यांनी मुंबईच्या महिंद्रा युनायटेडला २००५-०६ चे राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. (हा क्लब २०१० मध्ये मालकांनीच गुंडाळला, हे जाता जाता.) जमील यांचे उदाहरण तर ताजे आहे. मुंबई एफसी या क्लबाला त्यांनी तुटपुंज्या साधनांत वर्षानुवर्षे वरच्या गटात टिकवून ठेवले. २०१६ मध्ये त्यांची व क्लबाची वाट वेगळी झाली आणि ते मिझोरामच्या आयझॉल क्लबात गेले. आयझॉल हा आधीच्या हंगामात खालच्या गटात ढकलला गेलेला संघ. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून त्याला परत घेतले होते. त्या संघाने ३० एप्रिल २०१७ रोजी आय-लीग जिंकली. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेला आणि वरच्या गटातून बाहेर फेकला गेला. इतके झाल्यावरही या माणसाला ‘सिद्ध कर’ असे सांगणारे संपले नाहीत. कोलकात्यात ईस्ट बंगालने त्यांना घेतले. लीग हातून निसटताच त्यांच्या डोक्यावर तांत्रिक संचालक बसवला आणि नंतर निरोप दिला.

पुढचा भाग अधिक बोलका आहे. जानेवारी २०२१ मध्ये गुवाहाटीच्या नॉर्थईस्ट युनायटेडने आपल्या स्पॅनिश प्रशिक्षकाला मध्येच काढून जमील यांना हंगामी म्हणून उभे केले. त्यांनी साखळीतला उरलेला एकही सामना हरू दिला नाही आणि संघ बाद फेरीत पोचला. तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२१ मध्ये ते लीगचे पहिले कायम भारतीय मुख्य प्रशिक्षक झाले. त्या हंगामात संघ अकरापैकी दहावा आला आणि जमील गेले. क्लबाने पुन्हा परदेशी प्रशिक्षक आणला, मध्येच त्यालाही काढून दुसरा आणला. संघ अकरावा आला, वीसपैकी एकच सामना जिंकून. मात्र त्यानंतर ‘परदेशी प्रशिक्षकाचा प्रयोग फसला’ असे कोणी म्हटल्याचे आठवते काय? परदेशी हरला तर तो एकटा हरतो. आपला हरला तर त्याची सगळी जमात हरते. हा न्याय आपण गावकुसाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या भोगलेला आहे.

जमील यांना ओढूनताणून चळवळीचा माणूस ठरवण्याचे कारण नाही. ते दलित नाहीत, आंबेडकरी नाहीत आणि भारतीय विरुद्ध परदेशी हा सामना म्हणजे जातीचा सामनाही नव्हे. परदेशी प्रशिक्षकांकडून आपल्या पोरांनी बरेच शिकले आहे. मुद्दा निवडीच्या रीतीचा आहे. नेमणुकीचा निकष लिहिलेला नसतो, जाहिरात नसते, नाकारण्याचे कारण नसते. अशा अंधारात मालकाच्या ओळखीचा, त्याच्यासारखा बोलणारा, त्याच्या वर्तुळातला माणूस ‘योग्य’ ठरतो. त्या वर्तुळात आज परदेशी बसला, उद्या देशी बसेल. तो कोणत्या वस्तीतून येईल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

क्रिकेटमध्ये हे शंभर वर्षांपूर्वी होऊन गेले आहे. पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची देखभाल करता करता पुढे आलेले, चांभार समाजातले पळवणकर बाळू १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊन परतले. हिंदूंच्या संघाला त्यांची गोलंदाजी चालली, कर्णधारपद मात्र त्यांना द्यायचे नव्हते. १९२० मध्ये विठ्ठल आणि शिवराम या त्यांच्या भावांनी अन्यायाचा जाहीर निषेध करून संघातून अंग काढून घेतले. तेव्हा तडजोड झाली आणि बाळू उपकर्णधार झाले. त्या सामन्यात कर्णधार मैदानाबाहेर गेल्यावर संघ बाळूंनीच सांभाळला, म्हणजे पुन्हा प्रभारी! विठ्ठल १९२३ मध्ये कर्णधार झाले आणि संघ जिंकला. (बाळू १९३७ मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पडले. तो हिशेब वेगळा, पण त्यामुळे मैदानावरचा अन्याय कमी होत नाही.) पळवणकर बंधूंना जागा मिळाली ती कोणाच्या मनाच्या मोठेपणामुळे नव्हे. त्यांनी मिळून खेळायला नकार दिला आणि तो नकार छापून आणला, म्हणून मिळाली.

आता कायद्याकडे येऊ, कारण दबावाची मुळे तिथे आहेत. क्लबातल्या दबावाची चर्चा आपल्याकडे मानसिक ताकदीच्या भाषेत होते. प्रशिक्षक खमका हवा, त्याची कातडी जाड हवी वगैरे. हे सारे मालकाच्या सोयीचे आहे. ज्याचा करार एका हंगामाचा, ज्याला उद्या काढले तर दाद मागायला जागा नाही, त्याच्यावर दबाव आणण्यासाठी कोणी ओरडण्याची गरजच नसते.

दोन प्रशिक्षक डोळ्यांसमोर आणा. एक परदेशी, एक आपला, आणि दोघांनाही मुदतीआधी काढले आहे. १ जानेवारी २०२१ पासून फिफाच्या नियमांत प्रशिक्षकांच्या नोकरीसाठी स्वतंत्र परिशिष्ट आहे. त्यानुसार करार लेखी हवा आणि सबळ कारणाशिवाय तो मोडता येत नाही, मोडल्यास भरपाई द्यावी लागते. मात्र फिफाच्या न्यायाधिकरणापुढे जायचे तर वादाला आंतरराष्ट्रीय बाजू हवी. क्रोएशियाचे इगोर स्टिमॅक यांना महासंघाने जून २०२४ मध्ये काढले आणि तीन महिन्यांचे वेतन देऊ केले. स्टिमॅक यांनी फिफाकडे जाण्याचा इशारा दिला, तेव्हा चार लाख डॉलरवर तडजोड झाली. त्यांनी हक्क बजावला, त्याबद्दल तक्रार नाही. पण भारतीय क्लबातला भारतीय प्रशिक्षक या दारातून आत जाऊच शकत नाही. त्याने महासंघाच्या समितीकडे जायचे, ज्या महासंघाच्या वर्तुळातच त्याला पुढची नोकरी शोधायची आहे.

मग कामगार न्यायालय? १९८८ मध्ये गोव्यातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणात, सुंदरंबाळ खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येतला ‘कामगार’ नाही असे ठरवले. त्याच कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने अशी तरतूद घातली गेली होती की, मुदतीचा करार संपून त्याचे नूतनीकरण झाले नाही तर ती ‘कपात’ मानली जाणार नाही. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतल्या व्याख्येतही शिकवणाऱ्याचा उल्लेख नाही. प्रशिक्षक हा मैदानावरचा शिक्षकच, त्यामुळे त्याचा वकील पहिल्याच तारखेला अडखळतो. दिवाणी न्यायालयात जावे तर वैयक्तिक सेवेचा करार न्यायालय सक्तीने राबवत नाही. हाती लागली तर नुकसानभरपाई, तीही कितीतरी वर्षांनी. आमच्याकडे येणाऱ्या कंत्राटी शिक्षकांना आम्ही हेच सांगतो, आणि ते ऐकताना त्यांचा चेहरा पाहवत नाही.

वरून आलेला दबाव प्रशिक्षकापाशी थांबतही नाही. तो खाली खेळाडूंवर उतरतो. दुखापत लपवून खेळ, तक्रार करू नकोस, नाहीतर पुढच्या यादीत नाव नसेल. खेळाडू जितका गरीब घरचा, तितके हे वाक्य अधिक लागू पडते. मुलींच्या बाबतीत तर ही सत्ता भयंकर रूप घेऊ शकते. २०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींच्या भारतीय संघाच्या सहायक प्रशिक्षकाला लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपावरून युरोपच्या दौऱ्यातून परत पाठवून पदावरून काढावे लागले. ज्याच्या हातात निवड आहे त्याच्याविरुद्ध मुलीने कोणाकडे जायचे, याची लेखी व्यवस्था किती क्लबांत आहे, ते त्यांनी जाहीर करावे.

‘खासगी क्लब आहेत, पैसा त्यांचा, माणूस त्यांचा’ असे उत्तर मिळेल. हे उत्तर अर्धेच खरे आहे. क्रिकेट मंडळ हे राज्यघटनेच्या कलम १२ नुसार ‘राज्य’ नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये झी टेलिफिल्म्स प्रकरणात बहुमताने ठरवले खरे. पण ते सार्वजनिक स्वरूपाचे काम करते, म्हणून उच्च न्यायालयाचे दार त्याच्याविरुद्ध उघडे आहे, असेही तिथेच म्हटले. संसदेने २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. त्यात महासंघांच्या कार्यकारिणीत महिलांना आणि नामवंत खेळाडूंना जागा आहेत, ही चांगली गोष्ट आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी मात्र एकही जागा त्यात नाही. त्या विधेयकावर बोलताना आपल्या राखीव मतदारसंघांतून निवडून गेलेल्या खासदारांनी हा प्रश्न किती जोराने मांडला, हे त्यांना भेटल्यावर विचारायला हवे.

शिवाय मैदान कोणाचे? मुंबई सिटी एफसीने आपले घरचे सामने खेळले ते अंधेरीचे शहाजी राजे भोसले क्रीडा संकुल महापालिकेचे. पुण्याचा क्लब खेळला ते बालेवाडीचे शिवछत्रपती संकुल राज्य शासनाचे. फातोर्ड्याचे स्टेडियम गोव्याच्या क्रीडा प्राधिकरणाकडे आहे. क्लब खासगी, पण गवत सरकारी! जनतेच्या पैशातून उभे राहिलेले मैदान भाड्याने देताना शासन अटी घालू शकते. प्रशिक्षकाच्या नेमणुकीची जाहिरात द्या, निकष छापा, काढताना कारण लेखी द्या, तक्रार समिती नेमा, दरवर्षी ठरावीक संख्येने मागास वस्त्यांतल्या प्रशिक्षकांच्या परवाना परीक्षेचा खर्च उचला. या अटींसाठी घटनादुरुस्ती लागत नाही. भाडेकरारातली दोन पाने पुरतात. डी परवान्यापासून प्रोपर्यंतच्या पायऱ्या फी भरून आणि निवासी वर्ग करून चढाव्या लागतात. सेनगाव-कळमनुरीकडचा बी. पी. एड. झालेला पोरगा तासिकेच्या पैशात पहिली पायरी चढला तरी पुष्कळ.

माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून आपल्या हातात आहे. मुंबई आणि पुण्यातल्या आपल्या कार्यकर्त्यांनी एवढे चार प्रश्न टाकावेत. हे मैदान कोणत्या क्लबाला, किती दराने, किती दिवसांसाठी दिले? करारात स्थानिक खेळाडू व प्रशिक्षकांबाबत काही अट आहे काय? असल्यास तिची पाहणी शेवटची कधी झाली? आणि त्या करारांच्या प्रमाणित प्रती. अर्ज मराठीत चालतो, दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लागते, उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. आलेली उत्तरे या पानाकडे पाठवावीत.