दमयंतीचा हंस आणि चाळीतली भिंत

मला चित्रकलेतलं काही कळत नाही. मी कॉमर्सचा पदवीधर, निम्मं आयुष्य बँकेच्या काउंटरमागे गेलेलं. पण खऱ्या आणि खोट्या सहीतला फरक मला कळतो. तेवढ्या भांडवलावर आज कलासमीक्षकांशी दोन हात करणार आहे.

राजा रविवर्म्यानं १८९९ साली रंगवलेली हंस-दमयंती तुम्ही पाहिली असेलच. लाल साडीतली दमयंती, कठड्यावरचा पांढरा हंस, आणि नळाचं वर्णन ऐकता ऐकता तिचं हरवलेलं भान. समीक्षक नाक मुरडतात. म्हणे कॅलेंडर आर्ट! भडक, गोग्गोड, नायिका नाटकातल्यासारखी उभी! उभी आहे, कबूल. महाभारतात हंस सोनेरी, इथे पांढरा. मग सोनं गेलं कुठे, हे आम्ही बँकवाल्यांनी विचारावं. समीक्षक तेही विचारत नाहीत. त्यांची तक्रार हंसाबद्दल नाहीच मुळी. तो कोणाच्या घरात शिरला, याबद्दल आहे.

मूळ तैलचित्र एकच. ते तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा कलादालनात आहे. अशी चित्रं पूर्वी राजवाड्यांतच राहायची. १८९४ साली रविवर्म्यानं गिरगावात छापखाना काढला. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, अशा खटाटोपानं शकुंतला, लक्ष्मी, सरस्वती कागदावर उतरल्या. राजवाड्यातली मुदत ठेव सामान्यांच्या बचत खात्यात जमा झाली! ज्यांना देवळाच्या पायरीवरून हाकलत, त्यांच्याही भिंतीवर पुजाऱ्याला न विचारता देव आला. आणि चाळीतल्या सुनेला, भाकरी भाजताना मान वर केली की, हंसाशी गुजगोष्ट करणारी एक बाई दिसू लागली. तिच्याशी घरात दुसरं कोण गोड बोलत होतं हो?

छापील प्रत मुळाइतकी चांगली नसते म्हणता? दहाची नोटही छापीलच असते. कोणी परत करतं का?

आता गंमत बघा. २०२३ साली याच रविवर्म्याचं यशोदा-कृष्णाचं तैलचित्र लिलावात ३८ कोटींना गेलं. त्यात गायसुद्धा आहे. पण तेव्हा 'गोग्गोड' म्हणायला कोणी पुढे आल्याचं माझ्या कानावर नाही. तो सांस्कृतिक वारसा! हात तोच, डोळे तेच, भाव तोच. चाळीत टांगला की भडक, लिलावात टांगला की अभिजात. माल तोच, खातेदार बदलला.

समीक्षक याला अभिरुची म्हणतात. आमच्या बँकेत याला बॅलन्स बघून खुर्ची देणं म्हणतात.