गाडी लागते की मोबाइल?

पोलादपूर सोडून एसटी आंबेनळी घाट चढायला लागली, की कुणाचं तरी पोर "आई, डोकं दुखतंय" म्हणतं आणि पाठोपाठ ओकतं. हल्ली त्याच्या हातात हमखास मोबाइल असतो. घाटातली वळणं कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला कळतात. पडद्याला खिळलेल्या डोळ्यांना मात्र सगळं स्थिर दिसतं. या गोंधळात मळमळतं. २ ते १२ वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त. आपण म्हणतो, 'गाडी लागली'. मग आवळासुपारी, लिंबू सगळं निघतं. मोबाइल मात्र हातातच!

आईलाच बोल लावावा, असं मला वाटत नाही. पोर रडलं की अख्खी गाडी तिच्याकडेच वळून बघते ना! पण घरी ताटापुढेही तोच मोबाइल? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय, २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त पडदा नको.

तेव्हा महाडला गाडीत चढतानाच मोबाइल पर्समध्ये टाका, पोराला खिडकीशी बसवा, लांबचा डोंगर दाखवा. आणि घरी बसल्याजागीही वारंवार डोकं दुखून उलट्या होत असतील, तर मीठमोहऱ्या ओवाळत बसू नका. डॉक्टरांना दाखवा, अर्धशिशी लहान मुलांनाही होते.