मानखुर्द ही मुंबईची अडगळीची खोली नाही!

लल्लूभाई कंपाउंड आणि अण्णाभाऊ साठे नगरातल्या मतदार बंधू-भगिनींनो,


१९२७ पासून मुंबई आपला कचरा देवनारला आणून ओतते आहे. जानेवारी २०१६ मध्ये त्या डोंगराला आग लागली, धुरामुळे पालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, तेव्हा कुठे उरलेल्या शहराला आपली आठवण झाली. कचऱ्यामागून माणसं आली. रेल्वेच्या प्रकल्पासाठी रुळांलगतची घरं उठवली आणि ती कुटुंबं लल्लूभाईत आणून कोंबली. आता पाळी धारावीची. २०२४ साली राज्य सरकारने देवनार डंपिंगची सुमारे १२४ एकर जमीन धारावी पुनर्विकास प्रकल्पाला देऊन टाकली.

धारावीकर आपले वैरी नाहीत, आपल्यासारखीच कष्टाची माणसं आहेत. आपलं भांडण आहे ते जिथे कचरा टाकला तिथेच गरीब माणूस टाकायचा, या हिशेबाशी. हा हिशेब मांडताना ना त्यांना कुणी विचारलं, ना आपल्याला.

हा हिशेब कसा अंगावर येतो ते बघायचं असेल, तर साहेबलोकांनी भर दुपारी लल्लूभाईतल्या तळमजल्यावर यावं. दोन इमारतींमध्ये जेमतेम ३ मीटरची फट. तिच्यात वरून पडलेला कचरा आणि गळक्या पाइपांचं पाणी. खिडकी उघडली तर घाण वास, लावून घेतली तर अंधार. बाराच्या उन्हात पोरं ट्यूबलाइट लावून अभ्यास करतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून हेच पुढे आलं, की जिथे ऊन-वारा शिरत नाही तिथे, आणि त्यातही खालच्या मजल्यांवर, क्षयाने जास्त मुक्काम ठोकला आहे. उपदेश मात्र आपल्यालाच, स्वच्छता पाळा म्हणून! हा आजार आपल्या सवयींतून नाही, इमारतींच्या नकाशातून आला. तो नकाशा मंजूर करणाऱ्याला कुणी जाब विचारला?

विचारणार तरी कोण? ७ मार्च २०२२ ला पालिकेची मुदत संपली, तेव्हापासून प्रशासकाचा कारभार. २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचं. त्यातल्या एका रुपयावरही आपल्या वतीने सभागृहात कुणी तोंड उघडलं नाही, कारण सभागृहच नव्हतं. पण नगरसेवक होते तेव्हा तरी काय दिवे लावले? चांगले पेव्हर ब्लॉक उखडायचे आणि पुन्हा बसवायचे, वाढदिवसाचे फ्लेक्स लावायचे, हळदीकुंकवाला साड्या वाटायच्या. नळ कोरडा, आणि टँकरवर नाव साहेबांचं!

मी घर देईन, नोकरी देईन, असं सांगणार नाही. ते नगरसेवकाच्या हातात नसतं. जो तसं सांगतो, तो तुमच्या कोपराला गूळ लावतो. जे हातात असतं, तेवढंच सांगते.

पाणी. घर अधिकृत असो वा नसो, पाणी हा जगण्याचा हक्क आहे, हे मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्येच सांगितलं. २०२२ मध्ये पालिकेने सर्वांना पाणी देण्याचं धोरणही आणलं. मग अर्ज अडतो कुठे? ज्या घराला नळ नाही, त्या प्रत्येक घराचा अर्ज गल्लीवार एकत्र भरू. कुठला अर्ज कुणाच्या टेबलावर किती दिवस पडून आहे, याची यादी दर प्रभाग समितीत वाचून दाखवीन.

क्षय. तपासणी वस्तीत आली पाहिजे. रोजंदारी बुडवून एक्स-रेच्या रांगेत उभं राहणं कुणाला परवडतं? पोषणासाठी रुग्णाच्या खात्यात महिन्याला १,००० रुपये यायला हवेत. कुणाचे अडले आहेत, ते घरोघर तपासू. आणि तीन मीटरच्या फटीची एकही नवी इमारत या वॉर्डात उभी राहू नये म्हणून लढेन, मग ती कुणाच्याही पुनर्वसनासाठी असो.

कचरा. देवनारचा डोंगर हटवायला पालिकेने दोन हजार कोटींहून मोठं कंत्राट काढलं. ज्या बायांनी जन्मभर त्या डोंगरावर भंगार वेचलं, त्यांना त्यात काय? ओळखपत्र, हातमोजे आणि वर्गीकरणाच्या कामात पहिला हक्क, ही आमची मागणी. त्या कामाची धूळ आपल्या नाकातोंडात जाणार असेल, तर हवेच्या मोजणीचे आकडे रोज वस्तीत लागले पाहिजेत.

हिशेब. दर महिन्याला उघड्यावर सभा. नगरसेवक निधीतलं प्रत्येक काम, त्याची रक्कम आणि ठेकेदाराचं नाव भिंतीवर रंगवलेलं असेल. काम निकृष्ट झालं, तर त्याच सभेत ठेकेदाराला उभं करा, आणि त्याच्या शेजारी मलाही. सभेने ठरवलेलं काम आधी, माझ्या मर्जीचं नंतर.

काही जण म्हणतील, अपक्ष बाई, मागे ना पैसा ना पक्ष, हिचं कोण ऐकणार? माहुलच्या लोकांमागे कोणता पक्ष होता? पुनर्वसनाच्या नावाखाली प्रदूषणाच्या तोंडी दिलेली ती माणसं रस्त्यावर बसली, कोर्टात गेली, आणि कुणालाही तिथे जबरदस्तीने ठेवता येणार नाही, हे २०१९ मध्ये त्यांनी उच्च न्यायालयाकडून मिळवलं. संघटित वस्तीचं ऐकावंच लागतं.

१५ जानेवारी २०२६ ला मतदान आहे. त्याआधी जो कुणी दारात येईल, त्याला तीन प्रश्न विचारा. पाण्याच्या अर्जांचं काय करणार? निधीचा हिशेब भिंतीवर लावणार का? आमच्या जमिनीचा निर्णय आमच्या सभेशिवाय होऊ देणार का? सरळ उत्तर मिळालं नाही, तर मत देऊ नका. मग दारात मी उभी असले, तरीही.

तुमच्याच चाळीसारख्या इमारतीतली,
अपक्ष उमेदवार