भेसळ की नवे वाण?

पाऊस सरता सरता हरसूलच्या परिसरात खाचरांतील भात आणि डोंगरउतारावरील नागली, वरई पिवळी पडू लागते. कापणीपूर्वीच्या या दिवसांत बियाण्यासाठी चांगल्या लोंब्या व कणसे वेगळी काढून ठेवण्याची रीत कोकणा, वारली आणि महादेव कोळी कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. अशा वेळी क्वचित एखादे झाड इतरांहून निराळे दिसते. एखाद्या लोंबीला कुसळे असतात, एखादा दाणा अधिक बारीक असतो, तर नागलीचे एखादे कणीस मुठीसारखे मिटलेले असते. त्या निराळ्या झाडाचे काय करायचे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु बियाण्यावर सत्ता कोणाची, या आजच्या मोठ्या वादाचे मूळ त्यातच आहे.

भात आणि नागली ही स्वपरागित पिके. त्यांच्या फुलांत बाहेरचा पराग सहसा शिरत नाही, म्हणून बी बव्हंशी आईबापांसारखेच निपजते. क्वचित संकर होतो किंवा आनुवंशिक घडणीत अवचित बदल घडतो, आणि तेव्हाच वेगळा दाणा नजरेस पडतो. मात्र वेगळेपण दिसले म्हणजे वाण तयार झाले, असे नव्हे. ते जमिनीच्या कसाचा किंवा पाण्याचा केवळ तात्पुरता परिणाम असू शकते. संकरातून आले असेल तर पुढच्या पिढीत फुटून नाना रूपे घेते. तो दाणा निराळा पेरून, पाच-सहा हंगाम निवड करून गुण स्थिर झाल्यावरच त्याला वाण म्हणता येते. प्रमाणित बीजोत्पादनाच्या शेतात मात्र अशा झाडाला ‘भेसळ’ म्हणतात आणि ते उपटून टाकतात. शुद्ध बियाण्यासाठी ते आवश्यकही आहे. परंतु एकाची भेसळ ती दुसऱ्याची ठेव ठरू शकते, याचे भान सुटता कामा नये.

चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेल्या या अल्पभूधारकाला १९८३ साली ‘पटेल ३’ या भाताच्या शेतात तीन पिवळसर लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, पुढच्या हंगामात निराळ्या पेरल्या आणि वर्षानुवर्षे निवड केली. त्यातून बारीक दाण्याचा तांदूळ निघाला. १९९० च्या सुमारास एका व्यापाऱ्याने त्याला घड्याळाच्या नावावरून ‘एचएमटी’ म्हटले, आणि तो तांदूळ राज्याबाहेरही पोचला. पुढे कृषी विद्यापीठाने त्याच बियाण्यावर काम करून ‘पीकेव्ही-एचएमटी’ हे वाण प्रसारित केले. खोब्रागडे यांना २००५ साली राष्ट्रीय पातळीवर गौरवण्यात आले. तथापि त्या तांदळाच्या प्रचंड उलाढालीतला वाटा त्यांच्या पदरी पडला नाही, आणि २०१८ साली हलाखीतच त्यांचे निधन झाले. निरीक्षण त्यांचे, श्रम त्यांचे. नोंद मात्र नव्हती.

ही उणीव भरून काढण्यासाठीच २००१ सालचा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा झाला, असे म्हणता येईल. त्यातील ३९ व्या कलमाने बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि नाममुद्रेविना विकण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला. स्वतः घडवलेले वाण नोंदवण्याचीही मुभा दिली, तीही शुल्काविना. २०१९ साली पेप्सिको कंपनीने बटाट्याच्या वाणावरून गुजरातेतील शेतकऱ्यांना न्यायालयात खेचले आणि लोकक्षोभामुळे दावे मागे घेतले, तेव्हा या कलमाचे मोल देशाला कळले.

परंतु कागदावरचा हक्क डोंगरावर पोचायला वेळ लागतो. नोंदणीसाठी वाण वेगळे, एकसारखे आणि स्थिर असल्याचे दाखवावे लागते. शेतकऱ्यांच्या वाणांना एकसारखेपणाच्या अटीत काहीशी सवलत आहे. तरीही फुलोऱ्याचे दिवस, झाडाची उंची, दाण्याचा रंग यांच्या व्यवस्थित नोंदी कोण ठेवणार? हंगामाअखेर कामासाठी नाशिककडे स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाकडून ही अपेक्षा धरणे व्यवहाराला धरून नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला. बोगस बियाण्याने नागवल्या गेलेल्या शेतकऱ्याला कठोर कायदा हवा, याबद्दल दुमत असू नये. घरचे बी राखण्याची मोकळीकही मसुद्यात होती. परंतु नुसत्या मोकळिकीने भागत नाही. बाजारात नोंदलेल्या बियाण्यालाच मान मिळत राहिला, तर न नोंदलेले वाण कोणी बंदी न घालताही नाहीसे होते.

यावर उपाय खर्चिक नाही. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळा शिकलेल्या नाहीत. त्यांनी देशी वाणांची बियाणे बँक उभी केली आणि बाएफ संस्थेने त्यांना साथ दिली. २०२० च्या पद्मश्रीने त्या कार्यावर राजमान्यतेची मुद्रा उमटली. नजर शेतकऱ्याची आणि लेखणी शिकलेल्याची, असा हा संयोग हरसूललाही घडवता येईल. आश्रमशाळा व महाविद्यालयातील शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या हाती एक वही द्यावी. वाणाचे स्थानिक नाव, राखणाऱ्याचे नाव, पेरणी-कापणीच्या तारखा आणि दिसलेले वेगळेपण तीत दरवर्षी नोंदवावे. ग्रामपंचायतीने ती नोंद जैवविविधता नोंदवहीत घ्यावी. इगतपुरीच्या संशोधन केंद्राने निवडक वाणांची चाचणी करावी, आणि शेतकऱ्याचे नाव शेवटपर्यंत त्या वाणासोबत राहील याची हमी द्यावी.

निसर्ग वेगळा दाणा देताना जातपात पाहत नाही, शिक्षणही विचारत नाही. तो दाणा कोणाच्या नावावर चढतो, हे मात्र माणसेच ठरवतात. दादाजींच्या वेळी जी वही नव्हती, ती आता उघडायला कायद्याची आडकाठी नाही. अडसर असेलच, तर तो आपल्या अनास्थेचा.