आजीच्या पायांवरचं बाळ

आपल्या बालाघाटातल्या मराठी घरांत जुना अल्बम उघडला की एक फोटो बहुधा सापडतोच: आजी पाय पसरून बसलेली, पायांवर उघडं बाळ आणि शेजारी गरम पाण्याचं घंगाळ. दिवाळीत घरी आलेली तरुण मंडळी हल्ली असे अल्बम स्कॅन करून गूगल ड्राइव्हवर चढवतात. काम चांगलंच आहे, पण त्याआधी गुजरातमधलं एक प्रकरण माहीत असू द्या.

तिथल्या एका इंजिनिअरने स्वतःचा दोन वर्षांचा असतानाचा फोटो ड्राइव्हवर ठेवला. आजी त्याला आंघोळ घालते आहे, एवढंच त्यात होतं. गूगलने तो बाल लैंगिक शोषणाचा मजकूर ठरवून 2023 मध्ये त्याचं खातं बंद केलं. ईमेल गेला, कामधंदा अडला. शेवटी तो गुजरात उच्च न्यायालयात गेला. मार्च 2024 मध्ये न्यायालयाने गूगलला आणि सरकारला नोटीस काढली.

असं का होतं? तपासणी दोन प्रकारे चालते. शोषणाच्या आधीच सापडलेल्या फोटोंचे आकड्यांतले ठसे तयार असतात. मायक्रोसॉफ्टने 2009 मध्ये अशी पद्धत आणली. फोटो त्या ठशांशी जुळला की पकडला जातो. जे फोटो पूर्वी कुठे आलेच नाहीत, त्यांच्याबाबत मात्र यंत्र अंदाज बांधतं. त्याला लहान मूल आणि उघडं अंग कळतं. आजीचं नातं कळत नाही.

फेसबुक, इन्स्टाग्रामवर चित्रा-शिल्पातली नग्नता चालते, स्तनपानाचे फोटोही चालतात. उघड्या बाळाचा फोटो मात्र आईवडिलांनी कौतुकाने टाकला तरी काढला जाऊ शकतो. मला हा नियम पटतो. एकदा बाहेर गेलेला फोटो कोण उतरवून घेईल, हे आपल्या हाती राहत नाही. शिवाय त्या बाळाला कुणी विचारलेलं नसतं.

मला खटकतं ते पुढचं. 2021 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका वडिलांनी डॉक्टरांना दाखवायला आजारी मुलाचा फोटो काढला. गूगलने खातं बंद केलं. पोलिसांनी चौकशी करून त्यांना निर्दोष ठरवलं, तरी खातं परत मिळालं नाही. यंत्राची चूक होऊ शकते; पण ती माणसाने तपासून दुरुस्त करायला नको का?

तोवर काळजी आपणच घ्यायची. नागपूरच्या डॉक्टरांना फोटो पाठवून सल्ला घेणं आपल्याकडे नेहमीचंच. असा फोटो काढण्याआधी आपोआप होणारा बॅकअप बंद करा. व्हॉट्सॲपवर आलेले फोटोही बॅकअपमध्ये जातात का, ते बघा. आंघोळीचे फोटो पेन ड्राइव्हवर ठेवा. आणि महत्त्वाची कागदपत्रं, पत्ते, आठवणी यांची एक प्रत गूगलबाहेरही असू द्या.